जुनी चेनसॉ चालू करायच्या आधी: ऑइल सील, मग बाकी सगळं

पाडवा झाला की आपल्याकडं वादळी वारं सुटतं, धुऱ्यावरचे लिंब-बाभळी आडव्या होतात आणि आखाड्यावर पडून असलेली जुनी चेनसॉ आठवते. त्या घाईत ती चालू होत नाही आणि झालीच तर टिकत नाही. म्हणून तयारी आधीच, निवांत बसून करा. पुसणं, भुसा काढणं, फिल्टर साफ करणं तुम्हाला माहीत आहे. फक्त जुन्या मशीनची बॉडी बहुतेक वेळा मॅग्नेशियमची असते, तिला ॲसिड लावू नका.

दोरी लगेच ओढू नका. आधी मफलर काढा आणि भोकातून पिस्टन पाहा. उभे ओरखडे खोल असतील तर सिलिंडर-पिस्टन मिळतो का ते आधी शोधा, तोवर एक रुपयाही घालू नका. पिस्टन गुळगुळीत असेल तर स्टार्टरची मूठ धरून मशीन लटकवा. थांबत थांबत खाली आली तर कॉम्प्रेशन आहे. सरळ खाली घसरली तर रिंग पाहाव्या लागतील.

आता ऑइल सील. हे क्रँकभोवतीचं रबरी कडं, क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनचं सील वाळून कडक होतं आणि तिथून बाहेरची हवा आत शिरते. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल-ऑइल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. फसवं असं, की मशीन पहिल्या झटक्यात चालू होते, नेहमीपेक्षा जोरात पळते आणि आपल्याला वाटतं काम झालं. माझ्याकडून मागच्या मशीनला हेच राहिलं. कार्बोरेटरचं किट नवं, प्लग नवा, आणि पिस्टन गेला.

म्हणून सील बाहेरून चांगलं दिसत असलं तरी बदला. दोन्ही बदला. क्लचकडचं बदलून मॅग्नेटकडचं (फ्लायव्हीलच्या बाजूचं) तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत, हवा तिथूनही येते. क्लचचा आटा बहुतेक मशीनमध्ये उलटा असतो, सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली की पिस्टन अडतो आणि क्रँक फिरत नाही. मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोडा मारलात तर क्रँक वाकेल. जुन्या सीलवर बहुधा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. ते नमुन्याला घेऊन लातूर, नांदेडसारख्या गावातल्या बेअरिंगच्या दुकानात जा आणि पेट्रोलला टिकणारं मागा. बसवताना सीलचा ओठ (क्रँकला टेकणारी पातळ कड) आतल्या बाजूला, ओठाला ऑइल आणि मापाच्या पाइपच्या तुकड्यानं सरळ दाबायचं. तिरकं बसलेलं सील आणि जुनं सील यांत काही फरक नाही.

बाकीचं रबरही तपासा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलची नळी, डायफ्राम आणि कार्बोरेटर ते सिलिंडरमधलं रबर नवं घाला. मिश्रण लागेल तेवढंच करा, टाकीत ठेवून देऊ नका.

जुन्या पद्धतीचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, गॅप साधारण ०.४ मिमी. कंडेन्सर शंकास्पद वाटला तर बदला. लुना-राजदूतवर हात बसलेला मिस्त्री हे काम नव्या शोरूमच्या पोरापेक्षा चांगलं करतो, त्याच्याकडंच जा.

जोडून झालं की सील पुन्हा तपासा. कार्बोरेटर आणि मफलरची तोंडं ट्यूबच्या रबरानं बंद करा, प्लगच्या भोकातून फक्त अर्धा बार हवा भरा आणि दोन्ही सीलवर साबणाचं पाणी लावा. जास्त हवा भरली तर सीलच बाहेर येईल. बुडबुडा आला तर परत उघडा. कंटाळा आला तरी उघडा.

मिश्रणाचं प्रमाण टाकीवर असेल ते. वाचता येत नसेल तर लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घाला, थोडा धूर होऊ द्या. गाडीचं इंजिन ऑइल नको. कार्बोरेटरचे एल आणि एच (कमी आणि जास्त वेगाचे) स्क्रू हलके बंद करून एकेक फेरा उघडा. बंद करायचं बटण काम करतं का ते आधी पाहा.

मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय अडकवून ओढा. हातात झोकून कधीच नाही. चोक लावून हवा बंद करा, एकदा फटका आला की चोक उघडा. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन पळतच राहिलं तर लगेच बंद करा, पहिला संशय सीलचाच धरा.

चेनला धार, बारला ताजं ऑइल, जळकं नको. आयडलला चेन फिरता कामा नये. पुष्कळ जुन्या मशीनला चेनब्रेक (मशीन उसळली की चेन थांबवणारा) नसतो, म्हणून बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लावू नका. चष्मा, बूट, कानाला कापूस नाही, मफ. साग, चिंच, आंबा, मोह असेल तर तोडायची परवानगी आधी काढा.