ओलेइक आम्लाचे प्रोटोसेल: बनवणं, वाढवणं, विभागणं

आजच्या पेशीचं फॉस्फोलिपिडचं पटल घट्ट असतं. प्रथिनांची दारं नसली तर आत फारसं काही शिरत नाही. फॅटी ॲसिडचं पटल त्या मानाने सैल असतं. रेणू त्यात सहज शिरतात आणि सुटतातही, म्हणूनच प्रथिनांशिवाय वाढणारी साधी आद्य पेशी, म्हणजे प्रोटोसेल, शोधताना सुरुवात त्याच्यापासून करतात. ओलेइक आम्ल हे असंच एक फॅटी ॲसिड. खालची पद्धत झू आणि शॉस्टॅक या संशोधकांच्या २००९ सालच्या कामावर बेतलेली आहे.

आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा द्राव. ३.२६ ग्रॅम बाइसीन ८० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.५ वर आणा, मग १०० मिलि करा. नळाचं पाणी चालणार नाही. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस न येता पांढरा चोथा होतो ना, तसंच इथे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे होतं.

१० मिलि बफरमध्ये १०.५ मिलिग्रॅम पायरॅनिन हा चमकणारा रंग विरघळवा. त्यात १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मायक्रोलिटर आणि ओलेइक आम्ल ३१.६ मायक्रोलिटर घाला. आम्ल ९९ टक्के शुद्ध हवं. पिवळं पडलेलं घेऊ नका, त्याचं ऑक्सिडेशन झालेलं असतं. फ्रिजमधून काढलेलं आम्ल गोठलेलं असेल तर आधी पूर्ण वितळू द्या, नाहीतर माप चुकतं. व्होर्टेक्स यंत्रावर जोरात ढवळून रात्रभर हलक्या हालचालीवर ठेवा. सकाळी द्राव दुधट दिसला पाहिजे, म्हणजे आत रंग धरलेल्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्या तयार झाल्या.

दिसला नाही तर पीएच मोजा, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. ८.५ च्या आसपास साधारण अर्धे रेणू आम्लरूपात आणि अर्धे क्षाररूपात असतात. ते एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरतात आणि पटल टिकतं. पीएच १० च्या वर गेला की सगळ्यांचे मायसेल (आत पोकळी नसलेले सूक्ष्म गोळे) होतात आणि द्राव स्वच्छ दिसतो. ७ च्या खाली तेलाचे थेंब वर तरंगतात.

आता पिशव्या वाढवण्यासाठी खाद्य. १०० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ८७० मायक्रोलिटर पाणी आणि ३१.६ मायक्रोलिटर ओलेइक आम्ल एकत्र करून पारदर्शक होईपर्यंत हलवा. हा झाला सुमारे १०० मिलिमोलर मायसेलचा द्राव.

दुधट द्राव त्याच बफरने, पण रंगाशिवाय, दहापट पातळ करा. बाहेरचा रंग फिका पडतो आणि पिशव्यांतला उठून दिसतो. साधं पाणी घातलंत तर परासरणाने पिशव्या फुगून फुटतात. फार पातळही करू नका: ०.१ मिलिमोलरच्या खाली पटल विरघळायला लागतं.

यातल्या १ मिलिला ५० मायक्रोलिटर खाद्य द्या आणि लगेच फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली धरा. गोल पिशवीला आधी एक बारीक शेपटी फुटते. १० ते ३० मिनिटांत ती पूर्ण पिशवीच दोऱ्यासारखी लांब होते. कारण पटल झपाट्याने वाढतं, पण बाइसीन आत शिरायला वेळ लागतो, त्यामुळे आतलं आकारमान तेवढं वाढत नाही. बाइसीनऐवजी पटलातून सहज जाणारा अमोनियम ॲसिटेट वापरला तर पिशव्या गोलच राहतात. थेंबावर हवेचे हलके झोत सोडले की दोरा तुटून अनेक लहान पिशव्या होतात आणि आतला रंग फारसा गळत नाही. हे पाहायचं असेल तर पिशव्या १०० नॅनोमीटरच्या गाळणीतून काढू नका. इतक्या लहान पिशव्यांचा आकार मायक्रोस्कोपखाली कळत नाही.

पुढे पिशवीच्या आत आरएनएची नक्कल करायची असेल तर मॅग्नेशियम लागतं, आणि काही मिलिमोलर मॅग्नेशियमनेच ओलेएट (ओलेइक आम्लाचं क्षाररूप) खाली बसतं. त्यावर सायट्रेट घालतात. ते मॅग्नेशियमला इतपत धरतं की पटल वाचतं आणि नक्कलही चालू राहते.