पुऱ्या तळू नका, टाको मांडा

मे महिना आला की मला दोन-तीन नवीन मुलींचे फोन ठरलेले. "ताई, भारतातून सासू-सासरे आलेत, न्यू जर्सीहून दीर-जाऊ येतायत, पुतणीचं ग्रॅज्युएशन आहे, सगळे मिळून चाळीस माणसं होतील." मग मेन्यू ऐकवतात. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड, शिवाय मुलांना पास्ता. मी एवढंच विचारते, "पुऱ्या कोण तळणार?" पलीकडे शांतता.

मीही तळल्यात. टेक्सासमधलं आमचं पहिलं अपार्टमेंट. गॅसवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून परत माझ्याच तोंडावर सोडायचा, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिसऱ्या घाण्याला स्मोक अलार्म कोकलायला लागला, नवरा खुर्चीवर उभा राहून त्याच्याखाली टॉवेल हलवतोय, मी झारा धरून उभी. शेवटची पुरी काढून बाहेर आले तर अर्धे पाहुणे बूट घालत होते. त्यानंतर मोठ्या जेवणाला मी टाको बार मांडायला लागले. टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी.

आधी एक खुलासा. या बारचा दारूशी काही संबंध नाही. माझ्या सासऱ्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सकाळभर ते गंभीर होते. बार म्हणजे फक्त मांडलेलं टेबल. टॉर्तिया, म्हणजे त्या मेक्सिकन पोळ्या, दोन-तीन प्रकारची सारणं आणि वर घालायच्या दहा वाट्या. ज्याने त्याने आपलं भरून घ्यायचं. तुम्ही वाढायचं नाही, आग्रह करायचा नाही. पहिल्या वेळी हात शिवशिवतात, पण सवय होते.

आपल्या माणसांना हे परकं वाटेल ही भीती काढून टाका. जिरं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, कांदा, उसळ आणि हातात पोळी. यात परकं काय आहे? टेक्सासकडच्या मेक्सिकन धाटणीच्या स्वयंपाकात, टेक्स-मेक्समध्ये, तर जिऱ्याचा हात आपल्यासारखाच सढळ. मक्याची खरी टॉर्तिया चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची असते. हे सांगितल्यावर माझ्या आत्येसासूबाईंनी ती हातात घेऊन वास घेतला आणि "म्हणजे भाकरीचीच बहीण" म्हणून चार खाल्ल्या. उच्चार मात्र टॉर्तिया करा. टॉर्टिला म्हटलंत तर कुणी हसणार नाही, पण तुमची मुलं लाजतील.

हिशेब सोपा आहे. मोठ्यांना तीन टाको, मुलांना दोन. चाळीसात दहा मुलं असली तर एकशे दहा. एका टाकोत साधारण दोन औंस सारण बसतं, म्हणजे तयार सारण चौदा पौंडांच्या आसपास लागतं. तीन पौंड कोरड्या काळ्या घेवड्याची, म्हणजे ब्लॅक बीन्सची, शिजून सात पौंडांच्या वर उसळ होते. हाडाविना चिकनच्या मांड्या आठ पौंड आणल्या तर शिजून सहाएक पौंड उरतात. शिवाय रंगीत मिरच्या आणि कांदा उभा चिरून परतलेला एक ट्रे. झालं. बीफ ठेवायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मी ठेवत नाही, आणि आजवर एकाही शेजाऱ्याने विचारलेलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. घेवडा.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी पार्टीच्या आदल्या रात्री मोठं पातेलं भरून घेवडा शिजवला. लंगरात शोभेल असं पातेलं, दोन कान धरून उचलायला दोघं लागायची. रात्री अकराला गॅस बंद केला. आपल्याकडची शिकवण अशी की एक उकळी काढून झाकून ठेवलं की सकाळपर्यंत काही होत नाही, उलट मुरतं. तरी मी शहाणपणा केला आणि ते पातेलं तसंच, झाकणासकट, फ्रिजमध्ये सारलं. खालचा कप्पा त्यासाठी काढून ठेवला होता.

सकाळी सातला झाकण उघडलं. कडेचा थर थंडगार होता. मधोमध पळी घातली तर आत कोमट, आणि पळी वर काढताना बारीक बुडबुड्यांची रेघ तिच्यामागून वर आली. वास इडलीच्या पिठासारखा, पण तितका सोज्वळ नाही. मी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखणार होते, नवऱ्याने हात धरला. शेजारचं दूधही त्या गरम पातेल्यामुळे नासलेलं. अख्खा घेवडा काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात गेला, आणि साडेआठ वाजता मी डब्यातला घेवडा आणायला दुकानाकडे पळाले. त्या गडबडीत दुसरी चूक केली, ती पुढे सांगते.

कारण समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. काही जंतूंची बीजं उकळीलाही मरत नाहीत. १४० ते ४० अंश फॅरनहाइट या पट्ट्यात अन्न रेंगाळलं की ती जागी होतात आणि वाढतात. आईच्या घरची आमटी लहान पातेल्यात असायची, तासाभरात निवायची. तुमचं पातेलं हातभर खोल आहे, त्याचं पोट सकाळपर्यंत निवत नाही. फ्रिज थंड वस्तू थंड ठेवायला असतो, वीस लिटर उकळता रस्सा थंड करायला नाही. इथल्या हॉटेलांचा नियम असा की १३५ अंशांवरून ७० वर दोन तासांत यायला हवं, आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. घरीही तोच पाळा. शिजलं की लगेच उथळ ट्रेंमध्ये ओता, दोन इंचांपेक्षा जाड थर नको. सिंकमध्ये बर्फाचं पाणी घालून त्यात ट्रे टेकवा, ढवळत राहा, वाफ गेली की फ्रिजमध्ये सुटे सुटे ठेवा, एकावर एक नाही. "परत उकळू की" म्हणू नका. काही जंतू जे विष सोडून ठेवतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. हे मी गेली वीस वर्षं सांगतेय आणि दरवर्षी कुणीतरी मला "ताई, पातेलं गॅरेजमध्ये ठेवलं तर? डिसेंबर आहे" असं विचारतं. टेक्सासचा डिसेंबर! ट्रेंमध्ये ओता.

ओघात आलं म्हणून राजम्याचंही सांगते. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, कधीही टाकू नका. त्यातलं विषारी द्रव्य खळाळून उकळल्याशिवाय मरत नाही, आणि स्लो कुकरची उष्णता तिथवर जाईलच असं नाही. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग काय ते करा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही. आणि स्लो कुकर गार अन्न गरम करायला वापरू नका. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये १६५ अंशांपर्यंत वाफाळून घ्या, मग स्लो कुकरच्या 'वॉर्म'वर ठेवा. दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर मिळतो. पाहुण्यांसाठी वाइन ग्लासचे सेट घेता, तो घ्या.

आता ती दुसरी चूक. घाईत मी घोटलेल्या घेवड्याचे, म्हणजे रीफ्राइड बीन्सचे, डबे उचलले. पन्नास वेळा पाहिलेला डबा, घेवडा तो घेवडा, त्यात वाचायचं काय? दुपारी सगळे जेवून झाल्यावर एका भाच्याने डबा उलटून वाचून दाखवला. लार्ड. डुकराची चरबी. सोफ्यावर चातुर्मास पाळणाऱ्या दोन मावश्या बसलेल्या. मी त्यांना सांगितलं की नाही, ते इथे लिहिणार नाही. तुम्ही मात्र 'व्हेजिटेरियन' लिहिलेलाच डबा घ्या. मैद्याच्या टॉर्तियांतही लार्ड असू शकतं. मेक्सिकन दुकानात 'मान्तेका' शब्द शोधा, तो तोच. तयार मेक्सिकन भातात बहुधा चिकनचं पाणी असतं. काही सावर क्रीममध्ये, म्हणजे आंबवलेल्या सायीत, जिलेटिन घालतात, तेही प्राण्यांपासूनच काढलेलं, म्हणून मी चक्काच लिंबू-मीठ घालून सैल करते. कुणाला फरक कळलेला नाही.

पार्टी शनिवारी धरा. ॲव्होकॅडो सोमवारी, दगडासारखे. शनिवारी सकाळी दुकानात पिकलेले मिळतील या भरवशावर राहू नका, त्या दिवशी सगळं गाव तेच शोधत असतं. बुधवारी हात लावून बघा, अजून घट्ट असले तर केळ्यासोबत कागदी पिशवीत घाला. त्याच दिवशी लाल कांद्याच्या चकत्या व्हिनेगर, मीठ, साखरेत बुडवून ठेवा. गुरुवारी घेवडा आणि चिकन. शिजलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. दोन आठवडे आधी करून गोठवलंत तरी चालतं, रश्शासकट गोठवा म्हणजे कोरडं पडत नाही. शुक्रवारी साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची मेक्सिकन चटणी, चीज किसणं, कोबी चिरणं. लेट्यूसच्या नादी लागू नका, तासाभरात मान टाकतं. कोबी संध्याकाळपर्यंत कुरकुरीत. आणि पिको दे गायो म्हणजे आपली टोमॅटो-कांद्याची कोशिंबीरच आहे. मीठ आयत्या वेळी घालायचं हे तुम्हाला आईने शिकवलंय, तिथे काय विसरता? ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकॅडोची चटणी, मात्र शनिवारीच. वर लिंबू पिळून प्लॅस्टिकचा कागद थेट त्याच्या अंगाला चिकटवा, हवा लागली की काळं पडतं. बी मध्ये खोचून ठेवली तर काळं पडत नाही, असं सांगणाऱ्या तीन मैत्रिणी मला आहेत. बीखालचा रुपयाएवढा भाग तेवढा हिरवा राहतो.

टॉर्तिया गरम नसेल तर टाको नाही. गार मक्याची टॉर्तिया घडी घालताच मधोमध तुटते आणि सारण सासूबाईंच्या साडीवर. दहा-बारांच्या चळती फॉइलमध्ये गुंडाळा, ३५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. मग बर्फ भरायचा तो कूलर असतो ना, त्यात जाड टॉवेल अंथरून चळती ठेवा आणि झाकण लावा. कूलर नावाला कूलर, गरमही तितकंच धरतो. भारतातून आणलेला पोळ्यांचा डबाही चालेल, पण एकशे दहा त्यात मावत नाहीत. मक्याच्या छोट्या दुहेरी लावतात, म्हणून त्या दुप्पट घ्या.

वीज. इथे १२० व्होल्ट आहेत, आपल्याकडे २३०. स्वयंपाकघराचा एक सर्किट साधारण २४०० वॉट झेपवतो. विजेचा तवा एकटाच १५०० खातो, मायक्रोवेव्ह १००० च्या पुढे. दोन्ही एकाच सर्किटवर लावून वर स्लो कुकर जोडलात की ब्रेकर पडतो, आणि दिवे दुसऱ्या सर्किटवर असल्याने तुम्हाला पत्ता लागत नाही. ब्रेकरची पेटी कुठे आहे ते आधी शोधून ठेवा.

टेबल भिंतीपासून ओढून घ्या, दोन्ही बाजूंनी रांग चालेल. प्लेटा सुरुवातीला, नॅपकिन शेवटी. शाकाहारी आणि चिकनचं टेबल वेगळं, चमचे वेगळे, पाट्या मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. एकाच टेबलावर "इकडचं इकडे, तिकडचं तिकडे" असं करू नका. दहावा माणूस चिकनचा चमचा घेवड्यात बुडवतोच, आणि तो बहुतेक वेळा आपलाच दीर असतो. फॉइलचे ट्रे भरल्यावर मधोमध दुमडतात, खाली बेकिंग शीट धरा. परसात मांडणार असाल तर लक्षात ठेवा, बाहेर ९० अंशांच्या वर असेल तर अन्न एका तासाच्या वर उघड्यावर नको. एरवी दोन तास. थोडं थोडं आणून भरा.

वेळेबद्दल. निमंत्रणावर बारा लिहिलंत तर अमेरिकन शेजारी बारा वाजून दोन मिनिटांनी दारात, हातात फुलं. आपली माणसं दीडला, हातात न विचारता आणलेला ढोकळ्याचा ट्रे. पुऱ्यांच्या जेवणात या दीड तासात जीव जातो. टाको बारमध्ये शेजारी जेवून घेतात, मुलं दोनदा जेवतात, आणि दीडवाल्यांनाही तितकंच गरम मिळतं. निमंत्रणात ॲलर्जी विचारा, इथे तो शिष्टाचार आहे. ढोकळा वाटीत मांडा, कुणीतरी तो टाकोत घालेल. मी पाहिलंय.

आपल्याकडच्या काही बायका या टेबलावर पावभाजीची भाजी, पनीर टिक्का, चिली पनीर, मंचुरियन असं सगळं ठेवतात आणि 'फ्युजन' म्हणतात. सारणं तीन पुरेत. चौथं तुम्ही पाहुण्यांसाठी करत नाही, गेल्या महिन्यात जिच्याकडे जेवलात तिच्यासाठी करता.

ॲव्होकॅडोच्या बिया सिंकमधल्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे खरकटं दळणाऱ्या यंत्रात, टाकू नका. प्लंबर शनिवारी जादा पैसे घेतो.

रात्री टॉर्तिया उरतात, नेहमीच. सकाळी त्यांचे तुकडे तळून उरलेल्या साल्सात परता, वर चीज आणि तो लाल कांदा. मेक्सिकन लोक याला चिलाकिलेस म्हणतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोडणीची पोळी म्हण की सरळ," आणि ताटली पुढे केली.