एसीबी आणि एमसीसीबीची नियमित देखभाल व चाचणी

लो व्होल्टेज पॅनेलमधला ब्रेकर, मग तो एसीबी (हवेत आर्क विझवणारा मोठा ब्रेकर) असो की एमसीसीबी (साच्यातल्या बंद डब्यातला ब्रेकर), वर्षानुवर्षे ऑन राहतो, लोड बिनबोभाट वाहून नेतो आणि म्हणून तो चांगला आहे असं सगळे धरून चालतात. त्याचं खरं काम मात्र फॉल्ट आला की सुटणं. नेमकी याच कामाची परीक्षा रोजच्या वापरात होत नाही. लॅच, बेअरिंग आणि ट्रिप शाफ्टवरचं ग्रीस उष्णतेने वाळून मेणासारखं घट्ट होतं. मग रिलीज (करंट ओळखून ब्रेकरला सुटायला सांगणारा भाग) वेळेवर आदेश देतं, पण यंत्रणा उशिरा सुटते, कधी सुटतच नाही.

त्यामुळे शटडाऊन मिळाल्याबरोबर ब्रेकर चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून ‘मोकळा’ करू नका. त्याने अडकलेलं ग्रीस सुटतं आणि दोष झाकला जातो. सेटिंगचा फोटो काढून ठेवा, लोड उतरवा आणि पहिलं ऑफ शंट ट्रिपने (व्होल्टेज दिल्यावर ब्रेकर सोडवणाऱ्या कॉइलने) करा. एमसीसीबी असेल तर त्यावरचं ट्रिप बटण वापरा. ब्रेकर एका फटक्यात सुटला की अडखळला, हे तेव्हाच लिहून ठेवा. दिवसभराच्या नोंदींतली सगळ्यात मोलाची नोंद हीच असते.

थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) शटडाऊनच्या आधी, लोड किमान ४० टक्के असताना करा. सारख्या लोडच्या दोन फेजमध्ये १५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल तर तो जोड आधी उघडा. चालू पॅनेलचं दार उघडताना आर्क फ्लॅशपासून (ठिणगीच्या स्फोटापासून) वाचवणारा पोशाख हवाच.

ब्रेकर ऑफ झाला की एसीबी रॅक आउट करून बाहेर काढा. एमसीसीबीसाठी वरचा फिडर बंद करून कुलूप आणि टॅग लावा. टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासा, मग टर्मिनलवर लावा, नंतर पुन्हा चालू सप्लायवर. एसीबीची स्प्रिंग मोकळी करायला चार्जिंग मोटरचा सप्लाय आधी काढा, मग ऑन दाबा, मग ऑफ. इंडिकेटरवर ‘ऑफ’ आणि ‘डिस्चार्ज’ दोन्ही दिसेपर्यंत आत हात घालायचा नाही.

साफसफाईला व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ यंत्रणेत आणखी खोल जाते. आर्क शूट (ठिणगी विझवणारी प्लेटांची पेटी) काढून तुटलेल्या प्लेट आणि तडे बघा. चांदीच्या मिश्रधातूचे कॉन्टॅक्ट काळे पडले म्हणून कानस किंवा पॉलिश पेपर लावण्याची सवय फार जुनी आणि फार वाईट. त्या काळेपणाने सहसा बिघडत नाही, घासल्याने मात्र चांदी जाते. कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि झीज उत्पादकाने दिलेल्या मापाने मोजा. यंत्रणेवरचं जुनं ग्रीस पूर्ण काढून मगच नवं लावा, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. गंज सोडवणारा स्प्रे मारला की ब्रेकर त्या दिवशी छान चालतो. पुढे तो स्प्रे उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो आणि धूळ धरतो. सील केलेला एमसीसीबी मात्र उघडायचाच नाही.

मेगरिंगआधी (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजण्याआधी) इलेक्ट्रॉनिक रिलीज, यूव्ही कॉइल (व्होल्टेज उतरल्यावर ब्रेकर सोडणारी) आणि कंट्रोल वायरिंग सोडवा, नाहीतर रिलीज कायमचं जाईल. १००० व्होल्ट डीसी, एक मिनिट: ब्रेकर ऑन असताना पोल-पोल आणि पोल-अर्थ, ऑफ असताना प्रत्येक पोलचं वरचं आणि खालचं टर्मिनल. कोरड्या, स्वच्छ ब्रेकरला शेकडो मेगओहम मिळतात. एक मेगओहमच्या खाली असलेला ब्रेकर लाइनवर घ्यायचा नाही.

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स किमान १० अँपिअर डीसीवर मोजा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. ३०, ३२ आणि ५१ मायक्रोओहम आले तर तिसरा पोल संशयित, कारण तो सर्वांत कमी आकड्याच्या दीडपटीपलीकडे आहे. ८०० अँपिअरला हे जादा २१ मायक्रोओहम म्हणजे त्या एका पोलमध्ये सुमारे १३ वॅट जास्तीची उष्णता. ब्रेकर काही वेळा चालवून पुन्हा मोजा. आकडा उतरला तर कॉन्टॅक्टवर थर होता. नाही उतरला तर दाब कमी आहे किंवा जोड ढिला आहे.

रिलीजच्या चाचणीत सेकंडरी इंजेक्शनवर (थेट रिलीजला छोटा करंट देण्यावर) थांबू नका. त्याने रिलीजचं सर्किट आणि ट्रिप कॉइल तपासली जाते, सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आणि तिची वायरिंग तशीच राहते. प्रायमरी इंजेक्शनमध्ये (मुख्य पोलमधून खरा करंट देऊन) सेटिंगच्या तिप्पट करंट देऊन वेळ मोजा आणि उत्पादकाच्या कर्व्हच्या पट्ट्यात बसते का बघा. एकाच पोलमधून करंट दिला की अर्थ फॉल्ट (जमिनीकडे जाणाऱ्या करंटपासूनचं संरक्षण) आधी ट्रिप होतो, म्हणून तेवढ्यापुरता तो बंद ठेवावा लागतो. थर्मल एमसीसीबीत एक पोल तापला की शेजारचेही तापतात. दोन पोलांच्या मध्ये ब्रेकर पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर पुढचा पोल उगाच लवकर ट्रिप होतो.

इन्स्टंटेनियस (लगेच सुटणाऱ्या) ट्रिपसाठी करंट हळूहळू वाढवू नका. बायमेटल (तापून वाकणारी पट्टी) तापून आधी सुटतं आणि आपण त्यालाच इन्स्टंट समजून बसतो. छोटे पल्स द्या. सूट ±२० टक्के. २५० अँपिअरच्या ब्रेकरची ही सेटिंग दहापटीवर असेल तर तो २००० अँपिअरला ०.२ सेकंदात सुटू नये, ३००० ला त्याच वेळात सुटायलाच हवा.

कॉइलही कमी व्होल्टेजवर बघा. शंट ट्रिप ७० टक्क्यांवर चालली पाहिजे, कारण फॉल्टच्या वेळी बॅटरी उतरलेली असू शकते. क्लोजिंग कॉइल ८५ टक्क्यांवर. यूव्ही ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान सुटलं पाहिजे.

बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा आणि खूण करा. दरवर्षी थोडं जास्त आवळत गेलं की आटे आणि वॉशर दोन्ही मरतात. संशयास्पद एमसीबीवर (छोट्या ब्रेकरवर) वेळ घालवण्यात अर्थ नाही, बदलून टाका.

लाइनवर घेण्याआधी सेटिंगचा सुरुवातीला काढलेला फोटो समोर धरून एकेक नॉब ताडून बघा. चाचणीसाठी बंद केलेला अर्थ फॉल्ट तसाच राहून जाणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक. तो चालू करून एकदा टेस्ट बटणाने ट्रिप करून बघा.