माजी सैनिक संघटनांचे जुने बिल्ले : या चुका टाळा

माजी सैनिक संघटनांचे बिल्ले हौसेने जमवू लागलेल्या मंडळींकडून होणारे सर्वांत मोठे नुकसान बहुधा खरेदीच्या पहिल्याच संध्याकाळी होते. बिल्ला घरी येतो, चिंच-मीठ किंवा भांडी उजळण्याची पावडर बाहेर निघते आणि तासाभरात पितळ लखलखू लागते. बिल्ला ही देवघरातील समई नव्हे. यांतील अनेक बिल्ले पितळेवर किंवा तांब्यावर काचेचा मिना चढवून आणि वर सोनेरी मुलामा देऊन घडवलेले असतात. हा मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे चोळण्याने तो निघून जातो, आणि मिन्याच्या भेगांतून चिंचेचे आम्ल आत शिरले की खालचा धातू गंजून मिन्याचे टवके उडतात.

पाचपाखाडीतील एका तरुणाने चोर बाजारातून घेतलेल्या, ‘ब्रिटिश लीजन’ या ब्रिटनमधील माजी सैनिक संघटनेच्या बिल्ल्याचे छायाचित्र मला पाठवले होते. त्यात मागील बाजूस ‘जे. आर. गॉन्ट, लंडन’ ही बारीक अक्षरे स्वच्छ वाचता येत होती, आणि घडवणाऱ्याचे नाव हा बिल्ल्याचा काळ ठरवण्याचा उत्तम आधार असतो. काहीही करू नका, आधी मला पाहू द्या, असे मी त्याला कळवले. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा बिल्ला आरशासारखा गुळगुळीत झाला होता, निळा मिना एका कडेने उडाला होता आणि मागील नाव भिंगाखालीही लागेना. त्याला किंमत जाणून घ्यायची होती. मी त्याला ती अक्षरे दाखवायला सांगितले आणि तो गप्प झाला. असे बिल्ले मी इतके पाहिले आहेत की चकाकणारे जुने पितळ दिसले की मला आता वाईटच वाटते.

माझी स्वतःची पद्धत अगदी मर्यादित आहे. प्रथम दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह काढावीत. नंतर चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. हिरवट गंज असेल तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा एक थेंब देऊन तो लाकडी काडीच्या टोकाने हळूच काढावा आणि सुती कापडाने लगेच टिपून घ्यावा. याच्या पुढे मी कधीही जात नाही, आणि झटपट उजळण्याचे उपाय विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

दुसरी चूक म्हणजे केवळ पुढील बाजू पाहून काळ ठरवणे. विक्रेता ‘दुसऱ्या महायुद्धातला’ म्हणतो आणि खरेदी करणारा मान डोलावतो. ब्रिटिश लीजनची स्थापना १९२१ मध्ये झाली आणि तिच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द १९७१ मध्ये आला. म्हणजे ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ असे कोरलेला बिल्ला महायुद्धातला असणे शक्यच नाही. बर्मा स्टार हे पदक दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी दिले गेले, परंतु बर्मा स्टार असोसिएशन ही संघटना १९५१ ची आहे. पदक आणि संघटनेचा बिल्ला यांची गल्लत करून पदकाची किंमत मोजणारे लोक मला अजूनही भेटतात. ‘सिल्व्हर वॉर बॅज’ची गल्लत याहून नाजूक आहे. तो कोणत्याही संघटनेचा नसून, जखमी किंवा आजारी झाल्यामुळे सेवामुक्त केलेल्या सैनिकांना ब्रिटिश सरकारने १९१६ पासून दिलेला आहे. त्याच्या मागचा क्रमांक हा सैनिकाचा सेवाक्रमांक नसतो. मात्र त्या क्रमांकावरून लंडनच्या ‘द नॅशनल आर्काइव्ह्ज’मधील नोंदवह्यांत नाव सापडू शकते, म्हणून क्रमांक झिजलेला बिल्ला मी घेत नाही.

बिल्ल्यावरील मुकुटाच्या आकारावरून वय सांगणे हा नवशिक्यांचा आवडता आडमार्ग आहे. १९०१ ते १९५२ या काळातील ब्रिटिश राजांचा गोलसर कमानींचा ‘ट्यूडर’ मुकुट आणि नंतरचा, मध्ये खोलगट कमानींचा राणीचा मुकुट हा भेद खरा आहे, पण सध्याच्या राजाने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर धाटणीच स्वीकारली. केवळ मुकुटावर विसंबणाऱ्याला नवा माल जुना म्हणून सहज विकता येतो. मी मुकुट सर्वांत शेवटी पाहतो. त्याआधी कोटाच्या काजात अडकवायची मागील अर्धचंद्राकृती पट्टी, तिचा सांधा आणि मिना पाहतो. भट्टीत भाजलेला काचेचा मिना शिंपल्यासारखा फुटतो, राळेचा नवा मिना मात्र मऊ असल्यामुळे ओरखडतो.

तुटलेली पिन झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये. रबरबँडमधील गंधकाने चांदी काळी पडते, तेव्हा तोही लावू नये. खाडीकाठच्या ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेले पितळ हमखास हिरवे होते. आम्लरहित कागद, पॉलिथिनची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी पुरेशी आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे परदेशातील ग्राहक शोधणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे.

सैनिकाच्या कुटुंबाकडून बिल्ला घेताना फक्त धातू उचलून निघून येणे मला सर्वांत जास्त खटकते. सेवापुस्तिका, संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या, कोटावर बिल्ला लावून काढलेले छायाचित्र हे सारे त्याच पत्र्याच्या ट्रंकेत असते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. मूळ कागद कुटुंबाकडेच राहावेत, असे माझे मत आहे; आजींची किंवा काकांची परवानगी घेऊन मी त्यांची छायाचित्रे काढतो आणि सैनिकाचे नाव, गाव व पलटण त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतो. हे सांगायला घरात कोणी मोठे माणूस नसेल, तर मी बिल्ला तेथेच ठेवून पुन्हा येण्याची वेळ ठरवतो.