दणकट टूल वॉच घ्यायचं की नाजूक ड्रेस वॉच? या चुका टाळा

टूल वॉच म्हणजे काम, ट्रेक, पाणी सोसणारं घड्याळ, ड्रेस वॉच म्हणजे लग्नकार्याला, ऑफिसला कफखाली घालायचं पातळ घड्याळ. दुकानात गेलं की आपण आधी डायल बघतो, आणि तिथंच बहुतेकांचं चुकतं, कारण आधी बघायला हवं ते आपला हात दिवसभर कुठंकुठं जातो हे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मागे ३० मीटर लिहिलंय म्हणून बिनधास्त पाण्यात घालणं. अहो, ३० मीटर म्हणजे तेवढं खोल जाता येतं असं नाही! तो टेस्टमधला दाब आहे, ३ बार (बार हे दाबाचं एकक), रोजच्या वापरात अर्थ एवढाच की हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतात. पोहायला निदान १०० मीटरचं बघा, आणि स्कूबा करणार असाल तर आयएसओ ६४२५ (डायव्हर वॉचचं आंतरराष्ट्रीय मानक) वालं खरं डायव्हर वॉचच घ्या.

मला लग्नात सासऱ्यांनी एक पातळ सोनेरी घड्याळ दिलं होतं, लेदरचा पट्टा, फार जीव होता त्याच्यावर. जुलैत बाईकवरून ऑफिसला जाताना रेनकोटच्या बाहीतून पाणी आत उतरत राहिलं आणि संध्याकाळी बघतो तर ६ च्या आकड्याजवळ काचेला आतून वाफ धरलेली. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं, दोन दिवसांनी वाफ गेली, वाटलं झालं काम. महिन्याभरात काटे थांबले. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडून दाखवलं तर चावीच्या दांडीवर तांबूस गंज चढलेला. त्यामुळे वाफ दिसली की त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या आणि आतलं रबर गॅस्केट (पाणी अडवणारी रिंग) बदला, तांदळाच्या भरवशावर राहू नका.

उलटी चूकही होतेच, सगळीकडे दणकटच घड्याळ घालायची. कॅसिओचं जी-शॉक १९८३ चं, किकुओ इबे यांनी १० मीटरवरून पडलं तरी फुटू नये म्हणून बनवलेलं, ट्रेक आणि साइटवरच्या कामाला त्याला तोड नाही, पण साधं चौकोनी मॉडेलसुद्धा तेरा मिमीच्या वर जाड, शर्टाच्या कफमध्ये जातच नाही. ड्रेस वॉच पातळ असतं ते यासाठीच, आपलं टायटन एज साडेतीन मिमीचं. मनगट बारीक असेल तर फक्त डायलचा व्यास विचारू नका, पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं माप घ्या, ते मनगटाबाहेर गेलं की कितीही भारी घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं.

जुनं एचएमटी जनता ऑनलाइन घेताय? डायल चकचकीत कोरं दिसत असेल तर ते बहुतेक नव्याने रंगवलेलं असतं, झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागा. आणि ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ) अचानक पुढे पळायला लागलं तर लगेच सर्व्हिसिंगचा खर्च नको, स्पीकर किंवा मोबाईल कव्हरच्या लोहचुंबकाने ते चुंबकीत झालेलं असू शकतं, दुकानात डीमॅग्नेटाइज करायला मिनिटभरही लागत नाही.

बजेट एकाच घड्याळाचं असेल तर माझं मत ठाम आहे: ३६ ते ३८ मिमी, स्टील, १०० मीटर, स्क्रूची (फिरवून घट्ट बसवायची) चावी, साधं डायल. पावसाळ्यात स्टील किंवा रबराचा पट्टा, लग्नकार्याला लेदरचा. फक्त पट्टा घरी बदलताना एखाद्या परातीत बदला, स्प्रिंग बार (पट्टा अडकवणारी स्प्रिंगची बारीक दांडी) टण्णकन उडतो आणि मग कपाटाखाली शोधत बसावं लागतं.