विंड टनेलमध्ये चिमणीचा धूर मोजताना: आधी वारा जुळवा, मग मॉडेल ठेवा

इमारतींच्या गर्दीतल्या चिमणीचा धूर जमिनीपाशी किती दाट पोचतो हे मोजायला घेतलं, की सगळं लक्ष मॉडेलच्या गच्च्या-खिडक्यांवर जातं. चूक मात्र बहुतेक वेळा वाऱ्यात असते. विमानाच्या पंखासाठी बांधलेल्या बोगद्यात झोत गुळगुळीत आणि सगळ्या उंचीवर सारख्याच वेगाचा असतो. शहरावरचा वारा खाली मंद, वर वेगवान आणि सतत घुसळलेला असतो. इमारतीची उंची आणि जमिनीच्या खडबडीतपणाची लांबी (सूत्रांत ती z₀ अशी लिहितात, इथे 'खरड-लांबी' म्हणू) यांचं गुणोत्तर मॉडेलमध्ये आणि प्रत्यक्षात सारखं हवं, हे डेन्मार्कच्या मार्टिन येन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलं. ते आजही पहिलं कलम आहे.

वारा घडवणे

१:३०० प्रमाण, २ मी. × २ मी. छेदाचा बोगदा आणि उपनगरी वस्ती धरू. ३०० मीटर जाडीचा सीमास्तर (जमिनीच्या घर्षणाने मंदावलेला हवेचा थर) म्हणजे बोगद्यात १ मीटर. वेगाचा घातांक (उंचीबरोबर वारा किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा अंक) ०.२५ धरला तर प्रवेशाशी लावायच्या निमुळत्या उभ्या पट्ट्यांची (स्पायर) उंची साधारण १.२४ मी. येते. दोन स्पायरच्या मध्यांतलं अंतर उंचीच्या निम्मं, म्हणजे ६२ सेंमी. तिथून उंचीच्या सहापट, म्हणजे सुमारे साडेसात मीटरवर मॉडेलची फिरती तबकडी, आणि मधल्या जमिनीवर आलटून-पालटून मांडलेले ठोकळे. ठोकळ्यांची रांग मॉडेलच्या कडेपर्यंत न्या. मध्ये गुळगुळीत पट्टा सोडलात तर जमिनीपाशी वारा पुन्हा वेग घेतो आणि घडवलेला आराखडा नेमका खालच्या भागात बिघडतो.

आता तबकडी रिकामी ठेवून मोजा. उंची लॉगरिदमच्या अक्षावर घेतली की खालच्या भागातले बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. ती रेषा जिथे वेग शून्य दाखवते ती खरड-लांबी. प्रत्यक्षात ०.५ मी. हवी असेल तर इथे १.७ मिमी. आपल्या इमारतीच्या ३० मीटर उंचीला, म्हणजे मॉडेलमध्ये १० सेंमीवर, संक्षोभाची तीव्रता (वेगातल्या चढउताराचं सरासरी वेगाशी प्रमाण) २४ टक्क्यांच्या आसपास मिळायला हवी. कमी आली तर ठोकळे उंच किंवा दाट करा. आलेखात मध्येच गुडघा दिसला तर ठोकळ्यांचा थर आणि स्पायरची सावली अजून एकमेकांत मिसळलेली नाही: मधलं अंतर वाढवा. आडव्या दिशेलाही मोजा, नाहीतर एखाद्या स्पायरच्या मागची मंद पट्टी मॉडेलच्या अर्ध्या भागावर पडलेली कळणारच नाही. लांबीच्या दिशेने दाब बदलत असेल तर छत सरकवून तो काढून टाका.

वेग किती ठेवायचा

धारदार कडांच्या इमारतींसाठी रेनल्ड्स अंक (हवेचं जडत्व तिच्या चिकटपणावर किती भारी पडतं ते सांगणारा) ११,००० च्या वर ठेवण्याचा जुना, सावध नियम आहे. १० सेंमीच्या मॉडेलला त्यासाठी १.६५ मी./से. पुरतात, ३ मी./से. ठेवलेत तर अंक २०,००० होतो. घुमट किंवा कूलिंग टॉवरसारख्या गोल आकारांना हा नियम लागू नाही. त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करावा लागतो. मॉडेलने बोगद्याच्या छेदाचा ५ टक्क्यांहून जास्त भाग अडवू नये. आपल्या बोगद्यात ती मर्यादा ०.२ चौ.मी.

गरम धूर असेल तर खरी अडचण सुरू होते. फ्रूड अंक (वाऱ्याचा जोर आणि गरम धुराचं तरंगणं यांची तुलना) जुळवायला वेग √३०० ने घटवावा लागतो: प्रत्यक्षातले ५ मी./से. बोगद्यात ०.२९ होतात आणि रेनल्ड्स अंक दोन हजारांखाली घसरतो. दोन्ही अंक एकदम साधत नाहीत. मॉडेल मोठं करा, किंवा हेलियम मिसळून धूर जास्त हलका करा, आणि ही तडजोड अहवालात लिहा.

वायू सोडणे आणि मोजणे

थंड धुरासाठी इथेन सोयीचा, कारण त्याची घनता हवेच्या जवळ आहे आणि ज्वाला-आयनीभवन डिटेक्टर (वायू ज्योतीत जाळून त्याचं प्रमाण मोजणारं उपकरण) त्याचे अगदी कमी अंशही पकडतो. हवेत ३ टक्क्यांच्या आसपास तो पेट घेऊ शकतो, म्हणून १ टक्का मिश्रण वापरा. १.५ मी. व्यासाची चिमणी मॉडेलमध्ये ५ मिमीची नळी होते. वाऱ्याच्या दीडपट वेगाने, म्हणजे ४.५ मी./से. ने, मिश्रण ५.३ लिटर प्रति मिनिट लागतं. या नळीत रेनल्ड्स अंक फक्त १,५०० भरतो, त्यामुळे झोत न घुसळता सरळ बाहेर पडतो. आत एक बारीक कडं बसवून तो मोडा.

समजा एका बिंदूवर पार्श्वभूमी वजा करून ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) मिळाले. संहती (हवेतलं इथेनचं प्रमाण) × वेग × इमारतीच्या उंचीचा वर्ग ÷ इथेनचा प्रवाह (मिश्रणाच्या १ टक्का) हे गणित केलं की १.७ हा एककरहित आकडा येतो. प्रत्यक्षात ५ मी./से. वारा, ३० मी. उंची आणि सेकंदाला १० ग्रॅम उत्सर्जन असेल तर त्याच बिंदूवर ३.८ मिग्रॅ प्रति घनमीटर.

बोगद्यातलं १ सेकंद इथे प्रत्यक्षातल्या ३ मिनिटांएवढं आहे (३०० × ३ ÷ ५ = १८० सेकंद), तरी दोन मिनिटांच्या सरासरीला 'सहा तासांची सरासरी' म्हणू नका. बोगद्यात वाऱ्याची दिशा बदलत नाही, म्हणून हा आकडा दहा मिनिटं ते तासाभराच्या स्थिर वाऱ्याचाच समजा.

बंद वळशाच्या बोगद्यात सोडलेलं इथेन फिरून परत येतं. मॉडेलच्या वाऱ्याकडच्या बाजूला एक नळी कायम ठेवून प्रत्येक बिंदूच्या आधी आणि नंतर पार्श्वभूमी मोजा. पंख्याने हवा तापते, तेव्हा हॉट-वायरचं (वाऱ्याने किती गार होते त्यावरून वेग मोजणारी तापलेली तार) कॅलिब्रेशनही सरकतं. इमारतीच्या पाठीमागे उलटा वारा असतो तिथे तर एकेरी हॉट-वायर वापरूच नका, तिला दिशा कळत नाही. तिथे लेझर डॉप्लर (हवेतल्या कणांवरून परतणाऱ्या लेझरप्रकाशावरून वेग मोजणारं उपकरण) लागतो. आणि हे सगळं उदासीन वातावरणाचं (ज्यात तापमानाचे थर हवेच्या वरखाली हलण्याला ना मदत करतात ना अडवतात) मोजमाप आहे. रात्रीच्या तापमान-व्युत्क्रमात (खाली गार आणि वर ऊबदार हवा असताना) अडकलेला धूर पाहायचा असेल तर हवेचे थर वेगवेगळे तापवता आणि जमीन गार करता येणारा बोगदाच हवा.