वर्गात शाबासकी द्यायची कशी?

पहिली-दुसरीच्या वर्गात ‘छान!’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची मोजदाद नसते. मूल वही पुढे करतं, आपण खूण करतो, तारा काढतो, मूल उड्या मारत जागेवर जातं. त्यालाच विचारून बघा, तारा कशाबद्दल मिळाला? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बाईंनी दिला.’ आपलं काय जमलं, हे त्या मुलाला कळलेलंच नसतं. ते कळावं यासाठी पुढच्या गोष्टी करून बघा.

आधी आठवडाभर नुसती नोंद करा

शाळा सुटल्यावर दोन मिनिटं बसा आणि आज ज्या मुलांना तुम्ही नाव घेऊन कौतुकाचं काही बोललात, त्यांची नावं लिहा. पटापट हात वर करणारी चार-पाच मुलं रोज यादीत येतील. फार दंगा करणारीही कुठल्या ना कुठल्या निमित्ताने येतील. आठवडाभरात एकदाही न आलेली नावं मात्र शांत, मधल्या बाकांवरच्या मुलांची असतील. पुढच्या आठवड्याची सुरुवात त्यांच्यापासून करा.

मग वाक्य बदला

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. समजा, एका मुलाने ‘ळ’ सहा वेळा काढला आहे. पाच वाकडे, एक नीट. सहाही अक्षरांवर मिळून एक बरोबरची खूण करण्याऐवजी त्या एका ‘ळ’भोवती पेन्सिलीने गोल करा आणि म्हणा, ‘हा बघ, दोन्ही गोल सारखे आलेत. कसा काढलास?’ मूल थांबतं, आपल्याच अक्षराकडे नव्याने बघतं. पुढची ओळ लिहिताना त्याची नजर परत परत त्या गोल केलेल्या अक्षराकडे जाते. शाबासकीतून हवं असतं ते एवढंच.

‘किती हुशार आहेस!’ हे वाक्य मात्र जपून वापरा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल नंतर सोप्या कोड्यांकडे राहिला आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांना भिडत राहिली. एकदा हुशार ठरल्यावर चुकायचीच भीती वाटू लागते, हे मला अगदी पटतं.

पण म्हणून सरसकट ‘छान प्रयत्न’ म्हणत सुटू नका. सहज जमलेल्या गोष्टीला मेहनत म्हटलं की मुलांना ते लगेच खोटं वाटतं. मुलाने काय केलं ते सांगा: ‘बेरीज चुकली तेव्हा परत बोटांवर मोजून पाहिलीस’, ‘अडलेला शब्द तोडून वाचलास.’

बक्षीस कशाला द्यायचं, ते ठरवा

स्टिकर, शिक्के, तारे वाईट नाहीत, फक्त त्यांची जागा ठरलेली हवी. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ सालचा प्रयोग प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधीच सांगितलं. काहींना तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड टिकून होती.

म्हणून गोष्ट ऐकणं, चित्रं काढणं अशा आवडीच्या कामांना बक्षिसाची अट लावू नका. चपला रांगेत ठेवणं, पुस्तक जागच्या जागी परत ठेवणं, पाढे म्हणणं अशा कंटाळवाण्या सवयींसाठी ते वापरा. लहान मुलांना आठवडाभर वाट बघणं जमत नाही, तेव्हा बक्षीस छोटं आणि त्याच दिवशी असू द्या. सवय लागत आली की आधी रोज, मग अधूनमधून, मग नुसता शब्द, असं करत ते काढून घ्या.

तक्ता असेल तर सगळ्यांचा

नावापुढे तारे चिकटवण्याचा तक्ता मला आवडत नाही. दोनेक महिन्यांत तीन-चार ओळी भरून वाहतात आणि दोन ओळी जवळपास रिकाम्या राहतात. त्या दोन मुलांना ती रिकामी ओळ रोज बघावी लागते. त्यापेक्षा एक पारदर्शक बरणी ठेवा. वर्गात कुणी कुणाला मदत केली, आवराआवर वेळेत झाली, की एक मणी टाका. बरणी भरली की मुलांनीच ठरवायचं: दहा मिनिटं जादा खेळ, झाडाखाली गोष्ट किंवा हव्या त्या बाकावर बसणं. शिक्षा म्हणून मणी काढू मात्र नका. एकाच्या खोडीने मणी गेला की सगळा वर्ग त्याच्यावर उलटतो.

काही शाबासकी हळू आवाजात

सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या की काही मुलं मान खाली घालतात. त्यांच्यासाठी वहीत एक ओळ लिहा किंवा जवळ जाऊन सांगा. घरीही दोन ओळींची चिठ्ठी पाठवा: ‘आज हातच्याची चूक तिने स्वतः शोधून काढली.’ शाळेतून चिठ्ठी आली म्हणजे तक्रारच असणार, असं धरून चालणाऱ्या घरात ती जपून ठेवली जाते.

वहीत शेरा लिहिणार असाल, तर त्याच्याशेजारी गुण शक्यतो लिहू नका. रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची गोडी आणि काम दोन्ही सुधारलं, पण सोबत गुण असले की शेऱ्याचा परिणाम पुसला गेला.

शेवटी वही मुलाच्या हातात द्या

आठवड्यातून एकदा विचारा, ‘यातलं तुझं तुला कुठलं पान आवडलं? का?’ सुरुवातीला मुलं पानाकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतील, बाईंना कुठलं आवडलं असेल याचा अंदाज घेतील. घाई करू नका, उत्तर सुचवू नका. काही आठवड्यांनी ती पानं उलटू लागतात, एका पानाशी थांबतात आणि बोट ठेवून म्हणतात, ‘हे. इथे मी खोडून परत लिहिलंय.’